बगराम परत हवंय म्हणे! (फौजा काढल्या ते चुकलं, की काढल्या तसं चुकलं?)

घाटवाट | २० सप्टेंबर २०२५, २१:५०

ब्रिटनच्या दौऱ्यावर असताना ट्रम्पतात्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की अफगाणिस्तानातला बगरामचा हवाई तळ आपण तालिबानला फुकटात देऊन बसलो, आता तो परत हवाय. कारण काय, तर चीन अण्वस्त्रं बनवतो ती जागा तिथून तासाभरावर आहे. तालिबानने अर्थातच नाही म्हटलं.

गंमत म्हणजे फौजा काढण्याचा करार तात्यांच्याच पहिल्या कारकिर्दीतला. २९ फेब्रुवारी २०२०, दोहा. अमेरिकेकडून त्यांचे दूत खलीलझाद, तालिबानकडून मुल्ला बरादर. चौदा महिन्यांत सगळे परदेशी सैनिक बाहेर आणि वर अफगाण तुरुंगातले ५,००० पर्यंत तालिबानी मोकळे. हे कैदी ज्या सरकारच्या तुरुंगात होते ते सरकार या करारात कुठेच नव्हतं. म्हणजे सातबारा एकाचा आणि खरेदीखतावर सह्या भलत्याच दोघांच्या.

बगराम सोडल्याची रात्र आठवतेय? जुलै २०२१ची सुरुवात. काबूलपासून साधारण ६० किलोमीटरवरचा हा तळ मुळात सोव्हिएतांनी बांधलेला, पुढे वीस वर्षं अमेरिकेचा. रात्रीत अमेरिकन निघून गेले, मागोमाग वीज गेली, आणि तळाचा ताबा घ्यायला आलेल्या जनरल कोहिस्तानींना ते गेल्याचं काही तासांनी समजलं. तोवर भुरटे आत शिरून हाताला लागेल ते उचलून गेले होते. मागे उरलेल्या मालात पाण्याच्या बाटल्या, जेवणाची पाकिटं आणि हजारो मोटारी. त्यातल्या कित्येकींच्या किल्ल्याच नव्हत्या. अहो, भाडेकरूसुद्धा जाताना मालकाच्या हातात किल्ली देतो.

आता माझा खरा प्रश्न. १५ फेब्रुवारी १९८९ला सोव्हिएत जनरल ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमूदर्या नदीवरचा पूल पायी ओलांडून गेला, पलीकडे मुलगा फुलं घेऊन उभा. 'मागे आता आपला एकही सैनिक नाही' असं जगाला दाखवण्याचा तो सोहळा होता. सगळे म्हणत होते, सोव्हिएतांनी मागे ठेवलेलं काबूलचं नजीबुल्लाचं सरकार काही महिन्यांत पडणार. ते टिकलं तीन वर्षांहून जास्त. आणि २०२१मध्ये? शेवटचं विमान काबूलहून उडालं ३० ऑगस्टच्या रात्री, राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी पळाले १५ ऑगस्टला. पाहुणे दारातून बाहेर पडायच्या आत घर कोसळलं. हा फरक कशाचा?

माझं मत सांगून ठेवतो: जायला हवंच होतं, उशीरच झाला. पण ज्या पद्धतीने गेले ती पद्धत बघितली की मला त्या किल्ल्या आठवतात.

तिरकस | २० सप्टेंबर, २२:०४

अफगाणिस्तानवरचा धागा आणि अजून पानिपत नाही? मी खुर्ची घेऊन बसलोय.

भेळवाला कॉम्रेड | २० सप्टेंबर, २२:३१

उत्तर सोपं आहे. नजीबचे पगार चालू राहिले.

सोव्हिएत फौजा गेल्या पण रसद गेली नाही. धान्य, डिझेल, दारूगोळा, विमानांचे सुटे भाग, थोडे सल्लागार, सगळं येत राहिलं. फौजा जाऊन महिना होतो न होतो तोच मार्च १९८९मध्ये मुजाहिदीनांनी जलालाबादवर धडक मारली, मागे पाकिस्तानची आयएसआय. सगळ्यांना वाटलं आठवड्याचा खेळ आहे. अफगाण फौजेने, म्हणजे एकट्या अफगाण फौजेने, ते शहर राखलं. पुढे सप्टेंबर १९९१मध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टनचं ठरलं की १ जानेवारी १९९२पासून दोघांनीही आपापल्या बाजूची शस्त्रं बंद करायची. सोव्हिएत संघच उरला नाही. डिझेल आटलं, पगार थकले, उत्तरेतला त्याचा सेनानी दोस्तम फिरला, आणि एप्रिलमध्ये काबूल गेलं. गोळीने नाही, रिकाम्या तिजोरीने.

तेव्हा पाश्चात्त्य माध्यमं सोव्हिएतांना कितीही नावं ठेवोत, माघार कशी घ्यावी हे त्यांच्याकडून शिकावं.

कर्वेरोड | २० सप्टेंबर, २३:१५

कॉम्रेड, माघारीचं कौतुक करताना आधीची नऊ वर्षं गिळू नका. दहा लाखांच्या आसपास अफगाण मेले, पन्नास लाखांहून जास्त देश सोडून पाकिस्तान-इराणात गेले. आले तेही 'आमंत्रणावरून', आणि आल्या आल्या आमंत्रण देणाऱ्या काबूलच्या सत्ताधीश अमीनलाच राजवाड्यात गोळ्या घातल्या. या सगळ्याचं अधिकृत नाव काय, तर 'मर्यादित तुकडी'! लाखभर सैनिकांची मर्यादित तुकडी.

आणि घाटवाट, तुमचं 'जायला हवंच होतं' मला पटत नाही. मी पुण्यात शिकवते. आमच्याकडे दरवर्षी अफगाण मुलं असायची, थोड्या मुलीही. १५ ऑगस्ट २०२१ला रविवार होता. हेरातची एक माजी विद्यार्थिनी दिवसभर मेसेज करत होती. आधी विचारलं, पुण्यात परत प्रवेश मिळेल का. दुपारी विचारलं, माझ्या गुणपत्रिकांची स्कॅन प्रत तुमच्याकडे आहे ना, कारण मूळ कागद आईने चुलीत घातलेत. इंग्रजी शिक्के असलेला कागद घरात सापडू नये म्हणून. संध्याकाळी मेसेज बंद.

मार्च २०२२मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून जाहीर झालं. २३ तारखेला मुली गणवेश घालून शाळेत पोचल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. डिसेंबरात विद्यापीठंही बंद. फक्त अडीच हजार अमेरिकन सैनिक उरले होते हो तिथे. फेब्रुवारी २०२०नंतर दीड वर्ष त्यांचा एकही सैनिक लढाईत मेला नव्हता. एवढ्या किमतीत एक पिढी शिकत होती. 'मायदेशी परत आणा' म्हणणाऱ्यांना हा हिशेब कुणी विचारला?

जर्सीकर | २१ सप्टेंबर, ०४:४०

ताई, तो दीड वर्षाचा आकडा इथेही फार फिरवला जातो. पण त्या काळात अमेरिकन मरत नव्हते कारण दोहा करार झाला होता. तालिबानने त्यांच्यावरचे हल्ले थांबवले, अफगाणांवरचे नाही. ती शांतता म्हणजे 'तुम्ही जाताय म्हणून हात लावत नाही' अशी मुदतीची होती. १ मे २०२१ची मुदत उलटून बसला असतात तर अडीच हजारांचे परत दहा-पंधरा हजार करावे लागले असते.

माझ्या टीममधला एक जण हेलमंदला दोनदा जाऊन आलाय. तो फारसं बोलत नाही. एकदा एवढंच म्हणाला की पहिल्या खेपेला जी टेकडी घेतली, दुसऱ्या खेपेला तीच परत घेतली. २०२०च्या निवडणुकीत दोन्ही उमेदवार सैन्य परत आणू म्हणत होते. इथल्या मतदारासाठी हा विषय कधीच संपला होता.

विदा_द्या | २१ सप्टेंबर, ०९:२०

कॉम्रेडचा 'पगार' हा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. २०२१मध्ये पैसा बंद झाला नव्हता. अमेरिकेने पुनर्बांधणीवर जवळपास १४५ अब्ज डॉलर खर्च केले होते आणि त्यातला मोठा वाटा अफगाण सैन्य-पोलिसांवर. मग काय झालं?

एक, हजेरीपटावरची भुतं. कागदावर सैन्य आणि पोलीस मिळून तीन लाख. प्रत्यक्षात किती ते अल्ला जाणे. अमेरिकेचाच लेखापरीक्षक विभाग वर्षानुवर्षं ओरडत होता की नावं आहेत, माणसं नाहीत, पगार मात्र निघतोय. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या आजोबांचा अंगठा बघितलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दोन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: विमानं. अफगाण हवाई दलाकडे जुनी रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरं होती. त्यांची बरीचशी दुरुस्ती अफगाण मेकॅनिक स्वतः करत. अमेरिकेने ती टप्प्याटप्प्याने काढून ब्लॅक हॉक दिली. ती जास्त गुंतागुंतीची, दुरुस्ती जवळपास सगळी परदेशी कंत्राटदारांच्या हातात. म्हणजे गावच्या फिटरला उघडता येणारी गाडी काढून घेतली आणि कंपनीच्या माणसाशिवाय बॉनेट न उघडणारी दिली. आणि दोहा करारात काय लिहिलं होतं? फौजांबरोबर कंत्राटदारही बाहेर. शोरूमच बंद.

अफगाणिस्तानात दूरच्या चौक्यांना रसद, जखमींची ने-आण, मदतीला कुमक, सगळं हवेतून. विमान नाही म्हटल्यावर चौकीवरच्या पन्नास जणांना कळतं की आपल्याकडे आता कुणी येणार नाही. तेव्हा गावातले म्हातारे येऊन सांगतात, शस्त्रं ठेवा, घरी जा, वाटखर्चाला पैसे देतो. काय करतील? कंदाहारच्या आघाडीवर पोलिसांच्या एका तुकडीला दिवसभराचा शिधा म्हणून लिबलिबीत झालेल्या बटाट्यांचं एक खोकं आलं होतं.

'अफगाण लढायलाच तयार नव्हते' असं बायडेन म्हणाले. वीस वर्षांत साठ हजारांहून जास्त अफगाण सैनिक-पोलीस मेले. अमेरिकेचे सुमारे २,४००. लढत कोण होतं मग?

घाटवाट | २१ सप्टेंबर, १०:०५

@विदा_द्या, शोरूमचं उदाहरण चोरतोय. नजीबकडे मात्र ओळखीची रशियन यंत्रं होती, अफगाण वैमानिक होते. बाहेरून फक्त डिझेल आणि सुटे भाग हवे होते. हा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता.

तिरकस | २१ सप्टेंबर, १०:३०

चला, मीच आणतो पानिपत. अब्दाली जिंकला १४ जानेवारी १७६१ला, आणि मार्चमध्ये दिल्ली सोडून घरी. त्याचंही सैन्य थकलेल्या पगारासाठी कुरकुरत होतं. म्हणजे जिंकून माघार, तीही पगारापायी. अडीचशे वर्षांत एकच खातं हो, लेखा विभाग.

बाकी परदेशी फौजेची काबूलमधून माघार म्हटलं की १८४२. इंग्रजांकडचे १६,००० निघाले, एकटा डॉक्टर पोचला.

कुलाबकर | २१ सप्टेंबर, १३:१२

तिरकसराव, 'एकटा डॉक्टर' ही चित्रातली गोष्ट आहे. तो डॉक्टर, ब्रायडन, १३ जानेवारी १८४२ला जलालाबादच्या वेशीवर पोचला हे खरं. पण मागाहून काही हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे रखडत पोचले, काही गुलाम म्हणून विकले गेले, गोरे ओलीस सप्टेंबरात सुटले. त्या १६,०००मधले लढणारे साडेचार हजार, आणि त्यातलेही बहुतेक हिंदी. उरलेले बारा हजार नोकर, भिश्ती, बायकापोरं. जानेवारीच्या बर्फात, खिंडीत. त्यांचं चित्र कुणी काढलं नाही.

हे मला कसं माहीत, तर मी लहानपणापासून कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या जवळ राहिलोय. नेव्ही नगरच्या अलीकडे, उंच शिखराचं. आम्हा पोरांना वाटायचं तिथे अफगाण राहत असतील. नववीत पहिल्यांदा आत गेलो. आत दुपारीही अंधार, रंगीत काचांतून येईल तेवढाच उजेड, आणि भिंतीवर दगडी पाट्या. ते चर्च बांधलंच पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी. मुंबईहून गेलेली फौज त्यात होती, १८३९मध्ये गझनी घेतलं तेव्हाही होती. पाटीवरच्या मजकुराचा अर्थ असा, की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत, आणि साधे शिपाई इतके मेले की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही. मी ते दोनदा वाचलं. जागा पुरली नाही म्हणे.

आणि माघारीबद्दलच बोलायचं तर खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी शरदात इंग्रज परत आले, सूड म्हणून काबूलचा बाजार उडवला, आणि पुन्हा निघून गेले. ज्या दोस्त मोहम्मदला गादीवरून काढायला हे सगळं युद्ध झालं, तोच पुढच्या वर्षी गादीवर बसला. २००१मध्ये कुणाला काढलं आणि २०२१मध्ये कोण बसलं, ते तुम्ही लावून घ्या.

कर्वेरोड | २१ सप्टेंबर, १३:४०

पाटीचं वाचून अंगावर काटा आला. पण 'इतिहास असाच असतो' म्हणून हात झटकायचे का? १८४२चा अमीर आणि २०२१चा तालिबान यांच्यामध्ये वीस वर्षं शाळेत गेलेल्या मुली आहेत. त्या इंग्रजांच्या खेळात नव्हत्या.

भेळवाला कॉम्रेड | २१ सप्टेंबर, १४:०२

त्या मुली बहुतेक शहरातल्या. हेलमंदच्या, कुंदूझच्या खेड्यातल्या बाईला विचारा की परदेशी फौजा गेल्यावर काय वाटलं. रात्री दार तोडून आत येणारे, घरातल्या पुरुषांना उचलून नेणारे गेले. याच बगराममध्ये डिसेंबर २००२ला दोन कैदी मारहाणीत मेले, त्यातला एक साधा टॅक्सीवाला होता. ३ ऑक्टोबर २०१५ला कुंदूझचं रुग्णालय विमानातून भाजून काढलं, ४२ मेले. जाता जाता २९ ऑगस्ट २०२१ला काबूलमध्ये ड्रोन टाकला. दहा मेले, त्यात सात मुलं, एकही अतिरेकी नाही. पुण्याच्या कॉलेजातून हे दिसत नाही, मॅडम.

कर्वेरोड | २१ सप्टेंबर, १४:१०

आणि लोखंडी पडद्याआडून सगळं स्वच्छ दिसतं वाटतं? तुम्हाला खेड्यातली बाई आठवते ती फक्त...

(पुढचा मजकूर काढला आहे. दोघांनाही विनंती, व्यक्तीवर येऊ नका. भेळवाला कॉम्रेड यांचीही दोन वाक्यं उडवली आहेत. – व्यवस्थापक)

पेन्शनर नाना | २१ सप्टेंबर, १९:४५

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. वाचून गप्प बसतो. पण इतका वेळ सगळे रशिया, अमेरिका, इंग्रज करताय. आपणही एका देशात सैन्य नेलं होतं आणि काढलं होतं, त्याचा कुणी उच्चार केला नाही.

मी श्रीलंकेत होतो, त्रिंकोमालीला. पलटणीचं नाव सांगत नाही. २९ जुलै १९८७ला करार झाला आणि आम्ही 'शांतिसेना' म्हणून गेलो. सुरुवातीला तमिळ बाया हार घालत होत्या. ऑक्टोबरात त्याच लोकांच्या पोरांशी, तमिळ वाघांशी, लढाई सुरू. एका वेळी सत्तर हजारांच्या वर जवान होते आपले. सुमारे १,२०० परत आले नाहीत. ८ महारच्या मेजर परमेश्वरनना परमवीर चक्र तिथलंच, मरणोत्तर.

सिंहली म्हणायचे तुम्ही कब्जा करायला आलात, तमिळ म्हणायचे तुम्ही विकले गेलात. प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि म्हणाले, चालते व्हा. आम्ही ज्यांच्याशी लढत होतो त्यांनाच कोलंबोकडून हत्यारं जात होती, हे पुढे उघड झालं. म्हणजे यजमानच चोराला शिडी देत होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. निघायच्या आधी वर्षभर आपण तिथे एक स्थानिक फौज उभी केली. तमिळ नॅशनल आर्मी, टीएनए. आम्ही गेल्यावर प्रांत सरकारला तिने सांभाळायचं. पोरं बघितली मी. काही मनाने आलेली, कितीतरी रस्त्यावरून, बसमधून उचलून भरती केलेली. सतरा-अठरा वर्षांची, बाह्या दुमडून घातलेले गणवेश, कारण मापाचे नव्हते. तीन आठवडे शिकवलं की झाला जवान. आम्ही एकेक जिल्हा रिकामा करत गेलो, तसतशा त्यांच्या चौक्या पडत गेल्या. आम्हाला मागे वळायचा हुकूम नव्हता. प्रांताचे मुख्यमंत्री पेरुमल मार्च १९९०मध्ये निघून भारतात आले. पोरांना कोण आणणार.

२४ मार्च १९९०ला शेवटचं जहाज निघालं. मद्रासला स्वागत होतं, मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. जूनमध्ये तिकडे पुन्हा युद्ध पेटलं.

विदा_द्या यांनी जे बटाट्याचं लिहिलं ते वाचून थांबलो थोडा वेळ.

विदा_द्या | २१ सप्टेंबर, २०:१०

नाना, लिहीत जा हो. खूप मोलाचं आहे. टीएनएची आणि अफगाण फौजेची तुलना मी आजवर कुठे वाचली नव्हती.

भेळवाला कॉम्रेड | २१ सप्टेंबर, २०:३५

नानांबद्दल पूर्ण आदर ठेवून. जाफना रुग्णालय, ऑक्टोबर १९८७. रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारले गेले. कुंदूझबद्दल मी बोललो म्हणून हेही बोलायलाच हवं, नाहीतर मी दुतोंडी ठरेन.

पेन्शनर नाना | २१ सप्टेंबर, २१:०२

बरोबर बोललात. मी जाफन्याला नव्हतो, पण ते झालं. ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्या दवाखान्यात झालं. आमच्या मेसमध्ये त्यावर कुणी बोलायचं नाही. सरकारी कागदात दोन्हीकडून गोळीबार असं आहे.

जर्सीकर | २२ सप्टेंबर, ०५:१५

मी सुरुवातीला जपान-जर्मनी-कोरियाचं उदाहरण देणार होतो, तिथे अमेरिकन फौजा सत्तर-ऐंशी वर्षं आहेत आणि ते देश उभे राहिले. नानांचं वाचून खोडतोय. त्या देशांत गोळीबार थांबल्यावर फौजा राहिल्या. अफगाणिस्तानात गोळीबार थांबलाच नाही. तसं नीट बघितलं तर २००१च्या डिसेंबरातच, तालिबान हरलेला असताना, त्यांना नव्या अफगाण सरकारसाठी बॉनला झालेल्या बोलणीत बसवलं असतं तर कदाचित... पण तेव्हा अमेरिकेत असं म्हणणाऱ्याला देशद्रोही म्हटलं असतं. मी स्वतः म्हटलं असतं. तेव्हा नुकताच आलो होतो इथे, गाडीच्या अँटेनाला झेंडा लावून फिरत होतो.

इराकचंही तेच. २००३च्या मे महिन्यात अमेरिकेचा तिथला प्रशासक ब्रेमर याने इराकी सैन्य एका फटक्यात बरखास्त केलं, मग वर्षानुवर्षं नवं बांधलं, डिसेंबर २०११ला निघाले, आणि जून २०१४मध्ये मोसुलमध्ये ते नवं सैन्य आयसिसच्या मूठभर लोकांपुढे पळालं. तिथेही भुतं होतीच हजेरीपटावर.

घाटवाट | २२ सप्टेंबर, ०९:३०

हा मुद्दा मला पटतोय. फौजा कधी निघाल्या यावर आपण भांडतोय, पण भोक आधीच पडलं होतं. दोघांचं बोलणं झालं तेव्हा तिसरा बाहेर बसला होता: बॉनला तालिबान, दोह्याला काबूल. १९८८च्या जिनिव्हा करारातही मुजाहिदीन नव्हते, सह्या काबूल आणि इस्लामाबादच्या, जामीन मॉस्को आणि वॉशिंग्टन. अवांतर: तो करार १४ एप्रिलचा, आणि बायडेननी माघार जाहीर केली तीही १४ एप्रिललाच, २०२१च्या. जयंतीमुळे तारीख डोक्यात राहिली.

कर्वेरोड यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. 'जायला हवंच होतं' हे मी त्या मुलीच्या तोंडावर म्हणू शकेन का, तर नाही.

कुलाबकर | २२ सप्टेंबर, ११:४८

आपल्याकडचा एक तुकडा जोडतो. ६ ऑगस्ट २०२१ला पडलेली पहिली प्रांतिक राजधानी झरंज. इराणच्या सीमेवर. तिथून देलारामपर्यंतचा दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला होता, २००९मध्ये दिला. बांधताना माणसं गेली आपली. काबूलची संसद आपण बांधली, हेरातजवळचं सलमा धरण आपण पुरं केलं. बांधकामं सगळी शाबूत आहेत. संसदेत आता कुणी भाषण करत नाही एवढंच.

तिरकस | २२ सप्टेंबर, १२:०५

माझा विनोद संपला. वाचतोय.

कर्वेरोड | १४ ऑक्टोबर, २२:२०

धागा वर काढतेय. तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत येऊन गेले. पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नाही. दिल्लीत! ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, तेव्हा बायका पहिल्या रांगेत बसल्या. त्याआधी मॉस्कोत भारतासकट सगळ्यांनी मिळून सांगितलं की अफगाणिस्तानात परकी लष्करी तळ नको. म्हणजे बगरामच्या प्रश्नात आपण तालिबानच्या बाजूला. मलाही तो तळ नकोच आहे, हे लिहिताना विचित्र वाटतंय.

आणि एक. हेरातची ती मुलगी. गेल्या आठवड्यात मेल आली, तिसऱ्याच देशातून. देश सांगत नाही. गुणपत्रिकांची स्कॅन प्रत मागितली आहे. माझ्याकडे होती. पाठवली.

घाटवाट | १४ ऑक्टोबर, २२:४१

बरं वाटलं वाचून.

विदा_द्या | १५ ऑक्टोबर, १०:१५

खरंच बरं वाटलं. नाना, एक विचारायचं राहिलं होतं. घाटवाट यांनी किल्ल्यांचं लिहिलंय ना, तुम्ही चौकी सोडली तेव्हा ताबा कसा दिलात? काही कागदोपत्री असायचं का?

पेन्शनर नाना | १५ ऑक्टोबर, १८:३०

असायचं. सैन्यात कागदाशिवाय खिळा हलत नाही. हस्तांतराची यादी तीन प्रतींत. वाळूच्या गोण्या इतक्या, जेरीकॅन इतके, काटेरी तारेची भेंडोळी इतकी, जनरेटर एक, चालू स्थितीत. घेणाऱ्याची सही. आमच्या चौकीवर घेणारा म्हणजे टीएनएचा एक पोरगा होता, त्यांचा सेक्शन कमांडर. जनरेटर कसा सुरू करायचा ते त्याने दोनदा विचारलं. मी दाखवलं. डिझेल किती दिवस पुरेल विचारलं. मी सांगितलं, बेताने वापरलंस तर आठ दिवस.

माझ्या ट्रंकेत ती कार्बन प्रत अजून आहे. निळी पडलीय. खाली त्याची सही आहे तमिळमध्ये. मला वाचता येत नाही.

जर्सीकर | १५ ऑक्टोबर, १९:१०

नाना, फोटो टाका. माझ्या ऑफिसात तमिळ लोक आहेत. पाच मिनिटांत नाव वाचून सांगतील.

पेन्शनर नाना | १५ ऑक्टोबर, २१:५५

नको. राहू दे.